ढोर ओढतात, माणूस उचलतात

मेडिकलला गेलेली आपली पोरंपोरी सुट्टीत घरी आली की हमखास एक प्रश्न विचारतात. "काका, डिसेक्शन हॉलमधे पहिल्या दिवशी पोटात ढवळून आलं. मेसमधे घास उतरला नाही. रात्री डोळा लागला नाही. हे कधी जातं?"

मी आजवर एकच उत्तर देत आलो. जातं, पंधरा दिवसांत जातं. खिडकीजवळ उभं रहा, उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर आली तर लाज धरू नका, सरळ खाली बसा. हे सगळं खरं आहे. पण हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं मी पन्नास वर्षं गिळून बसलो. ते आता लिहून टाकतो.

प्रश्न असा आहे. मेलेल्या माणसाच्या अंगावर सुरी ठेवताना जे काही होतं, ते घालवायचं असतं का? आणि घालवलं तर ते जातं कुठं?

मी १९७५ साली मेडिकलला लागलो. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते कुठलंही असू शकलं असतं. आजा गावचा येसकर. मेलेली ढोरं ओढणं हे त्याचं काम. बाप मुंबईत गिरणीत बदली कामगार. मी स्कॉलरशिपवर. हॉलच्या दारात पाऊल टाकलं तशी फॉर्मलिनची वाफ नाकात शिरली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोठा उंच हॉल, सिमेंटची फरशी, ओळीनं टेबलं, टेबलावर उघडी माणसं. एका टेबलाला आम्ही वीसजण. कुणी हसत होतं, कुणी दातओठ आवळून उभं, एकजण बाहेर ओकायला पळाला.

आमच्या टेबलावर बाई होती. पन्नाशीच्या पुढची. डोकं भादरलेलं. तोंडावर ओल्या फडक्याचा तुकडा. उजव्या हाताच्या पुढच्या भागावर गोंदण. तुळस, आणि तिच्याखाली ठिपक्यांची ओळ. फॉर्मलिननं कातडी काळपटली होती, तरी गोंदण दिसत होतं. माझ्या आईच्या हातावर अगदी असंच होतं.

आता कुणी म्हणेल, ह्यावरून काय ठरतं? काहीच ठरत नाही. गोंदण मराठणीच्या हातावर असतं, धनगरणीच्या असतं, मांगणीच्या असतं, महारणीच्याही असतं. ती आपली होती असा माझा दावा नाही. एवढंच ठरतं, की ती गरीब होती आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली माणसं तेव्हा फुटपाथवर होती. त्यांतली असेल, नसेल. टेबलावर नाव नव्हतं. नंबर होता.

आमच्याकडं बायका म्हणायच्या, मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं, डोरलं सगळं काढून घेतात, बरोबर येतं ते एक गोंदण. पहिला पाठ हाताचाच होता. आधी छाती, मग काख, मग दंड, मग हाताचा पुढचा भाग. पुस्तकात लिहिल्याप्रमाणं मी कातडी सोडवत गेलो. गोंदणाची शाई कातडीतच असते, खाली स्नायूवर तिचा मागमूस नसतो. तुळस कातडीबरोबर निघाली आणि टेबलाखालच्या बादलीत पडली. बरोबर जाणारी एकच वस्तू मी तिच्यापासून वेगळी केली. स्वच्छ, सफाईनं. माझा हात चांगला चालत होता.

तेव्हा शेजारचा पोरगा म्हणाला, "तुला काय रे, तुमच्यात सवयच असणार."

तो वाईट नव्हता. पुढं चांगला डाक्टर झाला. त्यानं जे ऐकलं होतं तेच तोंडातून आलं. पण त्या दिवशी माझी मळमळ एका झटक्यात थांबली. नाकातला वास गेला, पोटातली कळ गेली, तिथं संताप आला. आणि मी ठरवलं, ह्यापुढं ह्या हॉलमधे मला काहीही झालेलं ह्यांना दिसणार नाही. तसं झालंही. आठवड्याभरात मी सगळ्यांत घट्ट पोरगा म्हणून नावाजलो. डबा खायचो त्याच हाताच्या वासासकट. बाईला आम्ही एका सिनेनटीचं नाव ठेवलं होतं. त्यावर मीही हसलो.

दोस्तांनो, हे मी कबूल करतो आहे. ह्यात शौर्य नाही.

आता नीट विचार करू. हॉलमधे टिकून राहण्याचे मार्ग ठरलेले असतात. तोंड झाकून ठेवणं हा एक. विनोद करणं हा दुसरा. नाव ठेवणं हा तिसरा. आणि सगळ्यांत सोपा म्हणजे भाषा बदलणं. 'ती' म्हणायचं नाही, 'बॉडी' म्हणायचं, 'मटेरियल' म्हणायचं. पहिल्या महिन्यात अठरा वर्षांच्या पोरांना हे लागतं, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. मन असं नाही सावरलं तर शिक्षणच होणार नाही. पण ह्या प्रत्येक मार्गात एक गोष्ट समान आहे. अस्वस्थता आपल्या अंगावरून निघते आणि दुसऱ्याच्या अंगावर जाते. टेबलावरचं माणूस वस्तू होतं तेव्हा कुठं आपण मोकळे होतो. आपल्या मोकळेपणाची किंमत तिनं दिलेली असते.

हे आपल्याला नवीन आहे का? आपण तर ह्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला जन्मलो. गावात ढोर मेलं की वास सगळ्या गावाला यायचा, पण ओढायला महारच. मैला सगळ्यांचा, डोक्यावर भंग्याच्या. मढं कुणाचंही असो, लाकडं फोडणारे हात आपले. किळस सगळ्यांना होते, ती माणसाची जातच आहे. पण ह्या व्यवस्थेनं एक सोय केली. ज्याला किळस येते त्यानं ती सोसायची नाही, दुसऱ्या कुणावर ढकलायची, आणि ज्यानं ती अंगावर घेतली त्यालाच किळसवाणा ठरवायचं. वर म्हणायचं, तुमच्यात सवयच असणार. जातीचा अर्थ मला बाकी कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या टेबलावर जास्त कळला.

शास्त्राच्या इतिहासातही हेच आहे. सुश्रुतानं मृत शरीर कसं पहावं ते लिहून ठेवलं आहे. प्रेत गवतानं गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात निवांत ठिकाणी ठेवायचं, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंच्यानं हळूहळू एकेक थर खरवडत आतलं सगळं डोळ्यांनी पहायचं. म्हणजे जाणणाऱ्यानं स्वतःच्या हातानं करायचं. पण धर्मशास्त्रांनी प्रेताचा स्पर्श विटाळ ठरवला, आणि वैद्यकीची पोथी एकीकडं राहिली, सुरी दुसरीकडं गेली. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलेलं. कपाळाची कातडी वळवून ते नाक नव्यानं बसवलं. युरोपच्या सर्जनांनी त्यावरून धडे घेतले. बसवणारा कोण होता? विटा पाडणाऱ्या जातीचा माणूस. त्याचं नाव मासिकात नाही. पेशंटचं नाव आहे, ज्यानं सुरी धरली त्याचं नाही.

पुढं १८३५ साली कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघालं आणि १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्तांनी तिथं प्रेतावर सुरी चालवली. रूढी मोडली म्हणून त्यांचा गौरव झाला, आणि तो व्हायलाच पाहिजे. ते वैद्य घराण्यातले, संस्कृत पंडित, त्यांनी विटाळाला लाथ मारली. माझा प्रश्न एवढाच, की ते प्रेत टेबलावर आणून कुणी ठेवलं? बंगालात शवागारातल्या कामगाराला आजही डोम म्हणतात. कामाचं नाव आणि जातीचं नाव एकच. पंडितानं एकदा विटाळ मोडला तर इतिहास झाला. डोम रोज मोडत होता, त्याचा पगार झाला, तोही कमी.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. एडिंबरोत १८२८ साली बर्क आणि हेअर ह्या दोघांनी सोळा माणसं मारली आणि प्रेतं शरीरशास्त्राच्या मास्तरला विकली. मारलेले सगळे गरीब, कुणी विचारपूस करणार नाही असले. बर्क फासावर गेला आणि त्याचंच जाहीर विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा अजून तिथं उभा आहे. इंग्लंडात १७५२च्या कायद्यापासून खुन्याला फाशीच्या वर एक जादा शिक्षा होती, त्याचं प्रेत डाक्टरांनी कापायचं. मग १८३२ साली नवा कायदा आला. खुन्याची शिक्षा रद्द झाली आणि त्याऐवजी अनाथालयात, इस्पितळात मेलेला जो गरीब कुणी न्यायला आलं नाही, तो टेबलावर आला. म्हणजे काल जी खुनाची सजा होती ती आज गरिबीची झाली. आपल्याकडचा मुंबईचा १९४९चा शरीरशास्त्राचा कायदा त्याच वळणाचा. ठरलेल्या मुदतीत जवळचं नातेवाईक आलं नाही, की प्रेत बेवारशी, ते कॉलेजला देता येतं. १९८५पर्यंत ह्या देशातून माणसांचे सांगाडे परदेशी विकले जात होते, त्या साली निर्यात बंद झाली. ती हाडं कुणाची होती हे सांगायला ज्योतिषी नको.

बेवारशी हा शब्द जरा उलटापालटा करून पहा. त्या बाईला वारस नव्हता असं नाही. असेलही कुठंतरी ऊस तोडणारा पोरगा, त्याला तार कोण करणार? गाडीभाड्याला पैसे कोण देणार? प्रेत न्यायला येणं हीसुद्धा ऐपत लागते.

मग करायचं काय? शिक्षण बंद करायचं? नाही. इथं मी स्वतःशीच बरीच वर्षं भांडलो. तालुक्याच्या दवाखान्यात मी असताना एका रात्री ऊसतोडीचा माणूस आणला. कोयता दंडाच्या आतल्या बाजूला बसलेला, रक्ताची चिळकांडी. लाइट गेलेली. मी अंधारात बोटं घातली, दंडाच्या हाडावर ती रक्तवाहिनी दाबून धरली आणि चिमटा येईपर्यंत सोडली नाही. माणूस वाचला, हात राहिला. माझ्या बोटांना ती वाट कुणी दाखवली? त्या बाईच्या दंडानं. तेव्हा तिचं काहीच व्यर्थ गेलं नाही. पण व्यर्थ गेलं नाही म्हणजे अन्याय झाला नाही, असं होत नाही. वेठबिगारीतही रस्ते बांधले गेले, त्या रस्त्यानं आपणही चाललो. म्हणून वेठ न्याय्य ठरत नाही. फायदा झाला हे एक सत्य. तिला विचारलं नव्हतं हे दुसरं. डाक्टरला ही दोन्ही एकत्र बाळगता आली पाहिजेत. एकानं दुसरं पुसायचं नाही.

म्हणून मी आता अस्वस्थतेचे दोन भाग करतो. एक नाकाची आणि पोटाची. ती पंधरा दिवसांत जाते, जाऊ द्या. तिचं काही मोल नाही. दुसरी प्रश्नाची. ही कोण? इथं कशी आली? मीच का तिच्या ह्या बाजूला उभा? ही जाता कामा नये. माझं चुकलं ते इथंच. मी एकीबरोबर दुसरीही मारली, कारण मला त्या पोरासमोर घट्ट दिसायचं होतं. म्हणजे ज्या समाजानं आपल्याला निबर म्हटलं, त्याला बरोबर ठरवायला मी निबर झालो.

बौद्ध परंपरेत भिक्षूंना स्मशानात जाऊन प्रेत पहायला सांगितलं आहे. सुजलेलं, निळं पडलेलं, कावळ्यांनी टोचलेलं, शेवटी नुसती हाडं. शरीराचे बत्तीस भाग मोजायला सांगितले आहेत, केसांपासून मूत्रापर्यंत. लोकांना वाटतं हे मन मारायला आहे. तसं नाही. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट परत परत लक्षात घ्यायची असते, की माझंही शरीर ह्याच जातीचं, माझंही असंच होणार. म्हणजे टेबलाच्या ह्या बाजूचं आणि त्या बाजूचं अंतर कमी करायचं. आम्ही हॉलमधे ते वाढवत होतो.

ते कमी कसं करायचं हे मला शिकवलं आमच्या हॉलच्या मामांनी. टाकीतून प्रेतं काढणं, परत ठेवणं, बादल्या नेणं हे त्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुठल्या गावचा रं तू?" गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. पुढं एक दिवस टेबल बदलायचं होतं. घाई होती. दोघातिघांनी बाईचे पाय धरले आणि ओढायला लागले. त्यांत मी होतो. मामा लांबून ओरडले, "ए! थांबा! ढोर वढत्यात. मानूस उचलत्यात."

सगळे चूप. मामा आले, मानेखाली हात घातला, मला म्हणाले, "तू कमरंखाली धर." आम्ही चौघांनी तिला उचललं.

मामा शिकलेले नव्हते. त्यांच्यावर तर सगळ्या कॉलेजची किळस ढकललेली होती. त्यांनी ती खाली ढकलायला हवी होती, त्यांच्या खाली फक्त प्रेतंच उरली होती. त्यांनी ढकलली नाही. मला नीतिशास्त्रात ह्याहून मोठं काही सापडलेलं नाही. उलट पुढं नोकरीत काय पाहिलं? शवविच्छेदनाच्या खोलीत सफाई कामगार चिरतो आहे आणि डाक्टर नाकाला रुमाल लावून दारातून लिहून घेतो आहे. रिपोर्टवर सही डाक्टरची. मीही पहिली दोन वर्षं दारातच उभा होतो. मग लाज वाटली आणि आत गेलो.

आता दिवस बदलले असं म्हणतात. काही बदलले हे खरं. २०१९पासून मेडिकलच्या नव्या अभ्यासक्रमात, मृतदेह हा आपला पहिला गुरू, असा धडाच आहे. पुष्कळ कॉलेजांत पोरं हात पुढं करून शपथ घेतात. चांगलं आहे. पण गुरू म्हणताना एक लक्षात ठेवा. एकलव्याच्या गोष्टीत गुरूनं शिष्याचा अंगठा घेतला. इथं शिष्यच गुरूच्या अंगठ्याचे स्नायू सोडवतो, आणि गुरूला कुणी विचारलेलं नाही. शपथेत हे वाक्य नसेल तर मनात तरी घाला.

आणि विचारून येणारेही आता वाढले आहेत. हॉल्डेनसारखा शास्त्रज्ञ १९६४ साली वारला तेव्हा त्यानं आपला देह काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला ठेवला होता. ज्योती बसूंचा २०१० साली, सीताराम येचुरींचा २०२४ साली कॉलेजांना गेला. मोठी माणसं त्या टेबलावर गेली की टेबलाचा कलंक थोडा कमी होतो.

म्हणून मीही फॉर्म आणला. 'देहदान' हा शब्द मला आवडत नाही. दान म्हटलं की देणारा उंच होतो, आणि दानाच्या गोष्टींनी आपलं पुरेसं वाटोळं केलं आहे. माझ्या लेखी ही परतफेड. मी एकीला न विचारता वापरलं, आता विचारून स्वतःला देतो. हिशेब साफ, असं मला वाटलं.

फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागते. बायकोपुढं ठेवला. तिनं वाचून बाजूला सारला.

"जल्मभर लोकांची मेलेली ढोरं वढली आपल्या मानसांनी. बाबासाहेबांनी म्हाडला सांगितलं तवा कुठं सोडली. आता तुमचं मडं तुमी आपल्या हातानं वढायला देता व्हय?"

मी तिला समजावलं. वेठ आणि मर्जी ह्यांत फरक असतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांची कामं सोडायला सांगितली, ती कामं घाण होती म्हणून नव्हे, ती आपल्यावर लादली होती म्हणून, आणि त्यातून आपला माणूसपणा जात होता म्हणून. २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना बांधून मारलं, तेव्हा आपल्या लोकांनी ढोरं नेऊन सरकारी कचेऱ्यांपुढं टाकली आणि म्हणाले, तुमची आई, तुम्हीच पुरा. नकार देता आला म्हणून ती माणसं मोठी झाली. नकार ज्याचा स्वतःचा, होकारही त्याचाच. मी कुणाच्या हुकमानं जात नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते समदं खरं. पन तुमचे ते मामा असतील का तवा तिथं, उचलायला?"

मामा वारून कैक वर्षं झाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. फॉर्म कपाटात आहे, माझी सही झालेली, तिची जागा कोरी. तिचा प्रश्न अडाणी नाही. मरणाऱ्याला फक्त होकार देता येतो. पुढं टेबलावर त्याला माणूस ठेवायचं की मटेरियल करायचं, हे जिवंतांच्या हातात असतं. परवानगीनं आलेल्यालाही ओढता येतं.

तेव्हा मेडिकलला लागलेल्या पोरापोरींनो, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे. मळमळ जाईल. पहिल्या दिवशी रजिस्टर मागा, तुमच्या टेबलावरचं माणूस कुठून आलं, वय काय, लिहिलं असेल तेवढं वाचा. काढलेला तुकडा इकडंतिकडं टाकू नका, एकाचं सगळं एकत्र राहील असं बघा, पुरताना नाहीतर जाळताना ते एकत्र जावं. हॉलमधल्या मामांना नावानं ओळखा आणि जड असेल तिथं हात लावा. अंगावर गोंदण असेल तर सुरी लावायच्या आधी एकदा नीट पहा. एवढं करूनही रात्री झोप आली नाही, तर घाबरू नका. ती झोप न येणं म्हणजे तुम्ही अजून शाबूत आहात.

आणि टेबल बदलायची वेळ आली, कुणी पाय धरून ओढायला लागलं, तर मोठ्यानं ओरडा. तसं झाल्याचं मला कळवा. ते पत्र मी बायकोला वाचून दाखवीन, आणि फॉर्म परत तिच्यापुढं ठेवीन.